पाच महिन्यांच्या बाळाचा प्रश्न

"सर, जुलाबात झिंक द्यायचंच ना?" राउंडवर आमच्या रेसिडेंटनं विचारलं. म्हटलं, "शोधून सांग." त्यानं मोबाइलवर पबमेड उघडलं, झिंक आणि जुलाब हे दोन शब्द टाकले आणि शोधनिबंधांचा ढीग पाहून माझ्याकडे बघत राहिला.

१९९७पासून पबमेड सगळ्यांना फुकट आहे, त्यामुळे शोधणं म्हणजे शब्द टाकणं असा समज झालाय. खरं काम त्याआधीचं. रुग्ण कोण, उपाय कोणता, कशाच्या तुलनेत, आणि त्यातून पेशंटला काय मिळायला हवं? या चौकडीला आम्ही 'पिको' म्हणतो. नाव पोरकट आहे, पण त्या नादानं त्यानं केसपेपर पुन्हा पाहिला. बाळ पाच महिन्यांचं होतं.

इथेच सगळं फिरलं. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा सांगतो, की सहा महिन्यांवरच्या मुलांचे जुलाब झिंकमुळे सरासरी अर्धा दिवस लवकर थांबतात; त्याहून लहान बाळांत तसा फायदा दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र त्यांनाही झिंक द्यायला सांगते. ओआरएस आणि अंगावरचं दूध चालू होतंच. झिंकही लिहिलं, पण निदान कशाच्या भरवशावर, ते दोघांनाही ठाऊक होतं.

चौकडीतला शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके धोक्याचे, म्हणून ते दाबणारी औषधं अमेरिकेत एकेकाळी भरपूर दिली जात. ईसीजी सुधारायचा, डॉक्टर खूश. माणूस जगतो का, हे 'कास्ट' या चाचणीनं विचारलं. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले; औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. १९८९मध्ये ही दोन औषधं चाचणीतून काढावी लागली. आणि चाचणीत घेतलेली माणसं कोण? ज्यांचे ठोके याच औषधांनी आधी दाबून दाखवले होते, तीच!

परवा औषध कंपनीचा एक एमआर गुळगुळीत कागद घेऊन आला. रक्तातला कुठलासा आकडा झरझर उतरताना दाखवणारा आलेख होता. मी विचारलं, "आणि पेशंट?" त्यानं पान उलटलं. मागे पेनाची जाहिरात होती.