उंच काच आणि हलणारं डोकं

मोटारसायकलला उंच काच बसवली की वारा लागत नाही, हा आपल्याकडचा पक्का समज. सुट्टीवर निघालेला जवान असो की पेन्शनीत गेल्यावर लेह बघायला निघालेले सुभेदारसाहेब, पहिली खरेदी त्या काचेचीच. माझं मत उलटं आहे. काच लहान आहे म्हणून डोकं थडथडतं, असं बहुतेक वेळा नसतं. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली गढूळ हवा नेमकी हेल्मेटवर आदळते, म्हणून ते थडथडतं. काच आणखी उंच केली तर कित्येकदा त्रास वाढतोच, खिसा हलका होतो तो वेगळा.

जैसलमेरकडे पोस्टिंग असलेल्याला वारा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर दिसतात तशा पवनचक्क्या इथे नजर जाईल तिकडे. तनोटपर्यंतचा रस्ता सुमारे १२० किलोमीटर, बराचसा सरळ, आडोसा नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले तर वेग सव्वापट होतो, जोर मात्र दीडपटीहून जास्त. आणि समोरून २० चा वारा असेल तर स्पीडोमीटर ८० दाखवत असला तरी तुमच्या मानेसाठी ते १०० च असतात.

लडाखमध्ये गाडी चालवून आलेले इथे हमखास चकतात. पांगच्या पुढचं मोरे मैदान ४,६०० मीटरच्या वर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ६० टक्के दाट, म्हणजे त्याच वेगाला मारही तेवढाच कमी. तिथे ‘झकास’ ठरलेली काच खाली मैदानात आली की मान मोडते. काचेची परीक्षा आपण रोज चालवतो त्याच रस्त्यावर घ्यावी.

पुलाच्या खांबामागे पाणी कसं भोवरे घेतं ते आठवा. काचेमागेही तसंच होतं. तिथे कमी दाबाचा पोकळ खिसा तयार होतो, तो वरची हवा खाली ओढतो आणि ती गरगरत डोक्याशी येते. यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे काचेच्या खालून थोडी हवा आत येऊ द्यायची. काच आणि तिच्या पट्टीच्या मध्ये १० ते १५ मिलिमीटरचे नायलॉनचे बुश, तेवढेच लांब बोल्ट, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर. सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. खालून आलेली हवा तो खिसा भरते आणि वरचा झोत निमूटपणे वरून जातो. दर वेळी पूर्ण फरक पडेल असं नाही, पण काच कापण्याआधी किंवा नवी घेण्याआधी हे करून बघायलाच हवं.

त्याआधी निदान. रिकाम्या रस्त्यावर, थडथड सुरू होते त्या वेगाला पाठ ताठ करून डोकं चार बोटं वर न्या. शांत वाटलं तर काच कमी करायला हवी. मान खाली घातल्यावर शांत वाटलं तर वाढवायला. एकदा काच काढूनही फेरी मारा. छातीवर दाब येईल, पण डोकं बहुधा स्थिर राहील. जुने लोक म्हणतात, ‘आम्ही काचेशिवाय कन्याकुमारी गाठली, तुम्हाला कसले हे लाड?’ त्यांचं म्हणणं खरंच आहे, फक्त कारण वेगळं. त्यांना स्वच्छ हवा मिळत होती.

कापायचीच असेल तर एका वेळी सेंटीमीटरभर. कडेला मास्किंग टेप, बारीक दातांचं पातं, शेवटी पॉलिश पेपर. अॅक्रिलिक घाई केली की तडकतं, विशेषतः भोकापाशी, म्हणून नट आवळताना हात आखडता ठेवा. पॉलिकार्बोनेट चिवट असतं, पण पेट्रोल किंवा थिनरने पुसलं तर खराब होतं. साबणाचं पाणी पुरतं. वरची कड नाकाच्या रेषेखाली हवी. रस्ता काचेवरून दिसला पाहिजे, काचेतून नाही. वाळूने ओरखडलेल्या काचेतून रात्री समोरच्या ट्रकचे दिवे बघणं म्हणजे डोळे मिटून गाडी हाकणं.

हा सगळा खटाटोप मी आरामासाठी सांगत नाही. १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. आपल्यातल्या अनेकांचे कान फायरिंग रेंजने, तोफांनी आणि जनरेटरने आधीच अर्धे खाल्लेले. जे उरलंय ते सुट्टीच्या रस्त्यावर कशाला घालवायचं? काच कितीही नीट बसली तरी हा आवाज पुरता जात नाही, म्हणून लांबच्या पल्ल्याला फोमचे इअरप्लग घालाच. हॉर्न त्यातूनही ऐकू येतो.

काम झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, केबल किंवा ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना. पहिल्या १०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. इथल्या उन्हात रबरी वॉशर लवकर कडक होतात, दोन जास्तीचे टूलकिटमध्ये टाकून ठेवा.