गुणपत्रिका आणि गोठा

माणसांच्या डॉक्टरला रोगी स्वतः सांगतो, ‘इथे दुखते.’ गुरांच्या डॉक्टरला असे सांगणारे कोणी नसते. मग या व्यवसायात शिरणाऱ्याची पारख केवळ लेखी परीक्षेने व्हावी काय? कला शाखेच्या विद्यार्थ्याने ही उठाठेव कशाला करावी, असे कोणी म्हणेल. पण माझी फी घरच्या दोन म्हशींच्या दुधावर भरली जाते, तेव्हा हा प्रश्न मला परका नाही.

ब्रिटनमधील अनेक पशुवैद्यकीय महाविद्यालये प्रवेशापूर्वी मुलाखत घेतात. १७९१ साली स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात तर एका मोठ्या मुलाखतीऐवजी काही मिनिटांच्या अनेक छोट्या मुलाखती होतात. मालकाजवळ उपचाराला पैसे नसतील तर काय कराल? कुत्रा बरा होणार नाही, हे त्याच्या धन्याला कसे सांगाल? अशा प्रश्नांची उत्तरे गाइडात सापडत नाहीत. उमेदवाराने आधी गोठ्यात, दवाखान्यात काम केलेले असावे, अशीही अपेक्षा असते. नुसती हजेरी पुरत नाही. काय पाहिले आणि त्यातून काय उमजले, हे सांगता यावे लागते. थोडक्यात, या मुलाखतीची तयारी करायची तर कपड्यांना शेणाचा वास लागू द्यावा लागतो.

आपल्याकडे परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. शिक्षणाची परंपरा जुनी, पण आज प्रवेश मिळतो तो नीटच्या गुणांवर. माझ्या मामेभावाला गाईच्या पोटाचे चारही कप्पे तोंडपाठ आहेत. गाईच्या पाठीवर हात मात्र त्याने अजून ठेवलेला नाही. दोष त्याचा नाही, त्याला तसे कोणी विचारलेच नाही!

२०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा गावोगावी लोक विचारत होते, ‘दूध प्यावे की नाही?’ त्या वेळी लसीइतकीच गरज होती धीर देणाऱ्या, लोकांच्या बोलीत समजावणाऱ्या माणसाची. हा गुण कोणत्या प्रश्नपत्रिकेत मोजणार?

तरीही मुलाखतीला गुण द्यावेत, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे मुलाखत म्हटली की वशिला आला, फर्डे इंग्रजी आले. आणि ज्याचे बालपण गुरांमागे गेले तोच मुलगा दाराबाहेर राहायचा. माझे म्हणणे इतकेच, की प्रवेशापूर्वी प्रत्येकाने पंधरा दिवस सरकारी गुरांच्या दवाखान्यात काढावेत. खोड्यातले जनावर धरावे, शेतकऱ्याचे ऐकावे आणि पाहिलेले मराठीत लिहून द्यावे. अभ्यासक्रमात प्रात्यक्षिके असतात, हे खरे. पण तो साडेपाच वर्षांचा आहे. एम.बी.बी.एस. हुकले म्हणून आलेल्याला आपले मन यात नाही, हे तिसऱ्या वर्षी कळून काय उपयोग?

मुलाखत कोणी घेवो वा न घेवो, ‘मला हे का व्हायचे आहे?’ हा प्रश्न त्याने आधी स्वतःला विचारावा. मुके जनावर तो कधीच विचारणार नाही. त्याला फक्त परिणाम भोगावे लागतील.