परसातील काळा अक्रोड

अमेरिकेच्या पूर्व भागात स्थायिक झालेली आपली अनेक कुटुंबे आता स्वतःचे घर घेतात. घरासोबत कधी कधी परसात एक उंच, भारदस्त वृक्षही पदरात पडतो. त्याचे नाव काळा अक्रोड. काश्मीरहून आपल्याकडे येणाऱ्या अक्रोडाचा हा भाऊबंद. मात्र हा मूळचा अमेरिकेचाच रहिवासी. तीस मीटरपर्यंत वाढणाऱ्या या वृक्षाची सावली पहिल्या दिवशी वरदान वाटते. हिशेब पुढल्या उन्हाळ्यात सुरू होतो.

हौसेने लावलेली टोमॅटो, मिरची व वांग्याची रोपे जीव धरतात आणि मग, पाणी भरपूर असतानाही, पिवळी पडून माना टाकतात. या वृक्षाच्या मुळांत, पानांत आणि फळाच्या हिरव्या सालीत ‘जुग्लोन’ नावाचे द्रव्य तयार होते. ते काही वनस्पतींना सोसत नाही. शिवाय एवढ्या मोठ्या झाडाची दाट छाया आणि पाण्याची ओढ असतेच. त्यामुळे जास्तीचे पाणी वा खत घालून रोपे सावरत नाहीत.

मग कोणीतरी सल्ला देतो, ‘झाडच तोडून टाका.’ जीवदयेचा संस्कार असलेल्या घरात हा सल्ला सहज पचत नाही. पण व्यवहाराच्या कसोटीवरही तो खरा उतरत नाही. वृक्ष गेला तरी मुळे जमिनीतच राहतात आणि ती कुजेपर्यंत काही वर्षे जुग्लोनचा परिणाम टिकतो. खर्च आज आणि लाभ अनिश्चित, असा हा सौदा आहे. काळ्या अक्रोडाच्या लाकडाला मोठा भाव येतो हे खरे. परंतु घराजवळच्या एकट्या झाडाच्या खोडात जुने खिळे वा तारा रुतलेल्या असण्याची शक्यता असल्याने लाकडाचे व्यापारी अशी झाडे घेण्यास सहसा राजी नसतात.

यापेक्षा जागेची वाटणी करणे शहाणपणाचे. टोमॅटो, मिरची, वांगी, सफरचंद आणि ब्लूबेरी यांना खोडापासून पंधरा ते अठरा मीटर दूर ठेवावे. तेवढी जागा नसेल, तर झाडाच्या छायेबाहेर उंच वाफे बांधून त्यांत दुसरीकडची माती भरावी, तळाशी मुळे वर येऊ न देणारे अस्तर घालावे आणि अक्रोडाची पाने त्यांत पडू देऊ नयेत. जुग्लोन सोसणाऱ्या भाज्यांच्या तिकडच्या याद्यांत कांदा, गाजर व बीट हमखास असतात. कंदमूळ वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघराला त्यांचा उपयोग नाही. पण त्याच याद्यांत घेवडा, मका आणि भोपळाही असतो; पुरेसे ऊन मिळाले तर एवढ्यावरही पानातली भाजी सुटते.

शरद ऋतूत फळे आपोआप गळतात. तोडावी लागत नाहीत. ती वरच्यावर वेचावीत, कारण गवत कापण्याच्या यंत्राखाली आली तर दगडासारखी उडतात. सालीचा तपकिरी डाग हातावर कित्येक दिवस राहतो, म्हणून हातमोजे हवेतच. एका माशीच्या अळ्या या सालीत वाढतात. तशी फळे दिसल्यास झाडाखाली राहू देऊ नयेत, लगेच वेचून बंद पिशवीत भरून कचऱ्यात टाकावीत. उरलेल्या फळांची साल काढून आतले अक्रोड पाण्यात टाकावेत. तरंगतात ते बहुधा पोकळ असतात. बुडालेले दोन-तीन आठवडे हवेशीर जागी सुकवावेत. कवच फोडायला हातोडीच लागते, पण आतील गराचा स्वाद नेहमीच्या अक्रोडापेक्षा उग्र आणि वेगळा असतो.

घर पाहायला जाताना खोल्या मोजल्या जातात, शाळेचे अंतर विचारले जाते. परसातील झाडाचे नावही विचारावे. झाड शेजाऱ्याचे असले तरी मुळे कुंपण मानीत नाहीत. आधी कळले तर वाफ्यांची जागा आधीच ठरते आणि पहिल्याच उन्हाळ्यात रागाच्या भरात कुऱ्हाड आठवत नाही. अमेरिकेत गृहकर्जाची मुदत बहुधा तीस वर्षांची असते. काळा अक्रोड शंभराहून अधिक वर्षे जगतो. हप्ते फिटल्यावरही सावली देणारा तोच असेल.