पाहण्यासारखे काय आहे?

सुट्ट्या लागल्या की महाबळेश्वर-लोणावळ्याच्या घाटांत मोटारींच्या रांगा लागतात. मावळता सूर्य पाहण्यासाठी तेथे दुसऱ्याच्या खांद्यावरून मान उंचवावी लागते. हाती मक्याचे कणीस आणि मनी एक ‘पॉइंट’ उरकल्याचे समाधान! सूर्य सोलापूर जिल्ह्यातही रोज मावळतो, हे मात्र कोणत्याही शासकीय पत्रकाने अद्याप जाहीर केलेले दिसत नाही.

सोलापूर-मंगळवेढा रस्ता आता चौपदरी झाला आहे. सोय झाली खरी. पण माचणूरचा फाटा कळण्याआधीच मागे पडतो. तेथे भीमेकाठी सिद्धेश्वराचे देऊळ आणि किल्ला आहे. लगतच्या ब्रह्मपुरीस १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. हिंदुस्थानच्या पातशाहीचा कारभार चार वर्षे या माळावरून चालला, आणि आपली मोटार तेथे चार मिनिटेही थांबत नाही.

मंगळवेढ्यात शिरल्यावर तर प्रवाशाची निराशाच व्हावयाची. बसवेश्वरांच्या वास्तव्याचे आणि कान्होपात्रेच्या जन्माचे हे गाव. दुष्काळात सरकारी कोठार रयतेस खुले करणारे दामाजीपंत येथलेच. गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळा गाडले गेले, तेही येथेच, १३३८ साली. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधता येत नव्हते, ते कूस उभारण्याचे कष्ट मात्र त्यांच्या वाट्याला आले होते. अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून नामदेवांनी त्या ओळखल्या, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर आहे. यातले कॅमेऱ्यात काय यावे?

पर्यटनविकास म्हटला की आपल्याकडे कमान, कारंजे आणि रंगीत दिवे यांपलीकडे कल्पना धावत नाही. मंगळवेढ्यास यांपैकी काहीही नको. मराठी व कानडीत नीट लिहिलेला फलक हवा, स्वच्छ शौचालय हवे आणि गावचा इतिहास विचारपूर्वक सांगणारा माणूस हवा. शाळांच्या सहली पाण्याच्या घसरगुंड्यांकडे वळू लागल्या आहेत. शिक्षकांनी मनावर घेतले तर एक बस इकडे येऊ शकेल. शासनाच्या आराखड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

ही बस पौषात आणावी. काळ्या रानात मालदांडी ज्वारी उभी असते. मंगळवेढ्याच्या या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. (हुरड्याचाही आता बाजार झाला आहे, हे मान्य.) मग थोडे दक्षिणेस जावे. ज्वारीचे कोठार म्हणून मिरविणाऱ्या या तालुक्यातील तिकडच्या गावांना शेतीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. का, हे मुलांनी तेथल्या शेतकऱ्यांनाच विचारावे.