दोन बॅटऱ्यांचा हिशेब

अमेरिकी सैन्यात १९५० नंतर रूढ झालेला एम-३५ हा ट्रक रस्ता सोडूनही अडीच टन भार वाहून नेई. पुढे लष्कराने असे असंख्य ट्रक लिलावात विकले आणि तेथील हौशी मंडळींनी ते जिवापाड सांभाळले. मात्र असा ट्रक वर्षातील बराच काळ उभाच असतो, आणि उभ्या वाहनात सर्वांत आधी बॅटरी खचते.

या ट्रकची विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची आहे. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसर जोडलेल्या असतात. जुन्या सैनिकी बॅटऱ्यांऐवजी बाजारात सहज मिळणाऱ्या अवजड वाहनांच्या बॅटऱ्या बसविण्याकडे आता मालकांचा कल असतो. ते योग्यच, पण जोडी एकाच बनावटीची, एकाच क्षमतेची आणि एकाच वेळी घेतलेली असावी. एक नवी व एक जुनी अशी काटकसर अखेरीस महागात पडते, कारण दुबळी बॅटरी सबळ बॅटरीलाही आपल्याबरोबर खाली ओढते.

दुसरी चूक याहून अधिक प्रमाणात आढळते. रेडिओसारखे १२ व्होल्टचे उपकरण लावायचे म्हणून दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतली जाते. ती बॅटरी रोज थोडी अधिक रिकामी होते. अल्टरनेटर तर दोघींना मिळून सुमारे २८ व्होल्ट देत असतो. त्याची वाटणी मग विषम होते. एक उपाशी राहते, दुसरी अतिभाराने तापून आटते. दर्शनी मापकावर एकूण आकडा मात्र ठीक दिसतो. ताळेबंदाची बेरीज जुळावी आणि आतली दोन खाती चुकलेली असावीत, तशातला हा प्रकार. २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसविला, की दोन्ही बॅटऱ्यांवर भार सारखा पडतो.

आता कट-ऑफ स्विच. या ट्रकला चालू करण्यासाठी किल्लीच नसते. साधी खटकी असते. म्हणून मुख्य स्विच हा चोरीलाही थोडा अडसर ठरतो. तो बॅटरीच्या ऋण टोकाच्या, म्हणजे चासीला जाणाऱ्या जाड तारेवर बसवावा, आणि स्टार्टर ओढतो तो शेकडो अँपिअरचा प्रवाह सोसणारा असावा. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. म्हणून स्विच बॅटरीच्या बंद पेटीत नको, पण हाताशी हवा. तार जुनी होऊन घासली, ठिणगी पडली, तर एका हालचालीत सारा प्रवाह तोडता येतो.

येथे एक क्रम पाळावाच लागतो. या ट्रकचे डिझेल इंजिन विजेने नव्हे, तर इंधन रोखणारी मूठ ओढून बंद होते. आधी इंजिन थांबवावे, मगच स्विच फिरवावा. चालू इंजिनात बॅटरी तोडल्यास व्होल्टेज एकाएकी उसळून अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. बॅटरी काढतानाही ऋण टोक प्रथम सोडावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. एरवी पाना चासीला टेकला तरी भाजण्याइतकी ठिणगी उडते.

आपल्याकडे अनेक दुकानांच्या इन्व्हर्टरखालीही दोन बॅटऱ्यांची अशीच जोडी असते. एक बदलून दुसरी चालू ठेवण्याचा मोह तेथेही होतो. तो आवरलेला बरा.