‘ग्रुपवर टाकलंय’ म्हणजे सांगितलं नव्हे

टीममध्ये नवीन आलेली मुलं सहा महिन्यांत हमखास विचारतात, “सर, आपण नक्की बनवतो काय?” मी एरोस्पेसमध्ये सिस्टिम्सचा सीनियर प्रोजेक्ट इंजिनिअर. सर्किट काढत नाही, कोड लिहीत नाही, साधा स्क्रूही पिळत नाही. दिवसभर रिक्वायरमेंट्स, इंटरफेसची डॉक्युमेंट्स, बदलाचे फॉर्म आणि सह्या. बाकीचे आम्हाला ‘कागदवाले’ म्हणतात. खुशाल म्हणा. पण कागद म्हणजे खऱ्या कामात घातलेला खोडा, ही जी समजूत आहे ना, तिच्याशी माझं भांडण आहे.

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर 23 सप्टेंबर 1999 ला मंगळाजवळ पोचलं आणि कायमचं गप्प झालं. कारण तुम्ही वाचलं असेल. थ्रस्टरच्या धक्क्याचे आकडे एका सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदात दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक 4.45 पट. सुमारे 226 किलोमीटर उंचीवरून जायचं यान 57 किलोमीटरवर उतरलं. आपण हसतो, एवढ्या हुशार लोकांना एककं कळली नाहीत!

चौकशी अहवालातली पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. आकडे जुळत नाहीत, हे आधीच लक्षात आलं होतं. त्याबद्दल ईमेल्सही गेल्या होत्या. अडचण नोंदवायची रीतसर पद्धत होती. ती वापरलीच गेली नाही.

हे वाचून मला हसू येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका उपकरणात कनेक्टरच्या दोन पिनांची अदलाबदल झाली. डिझायनरने ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सात अंगठे आले, त्यातला एक माझा. वायरिंग करणारा माणूस त्या ग्रुपवर नव्हताच. टेस्टिंगच्या टेबलावर पॉवर दिली आणि एक कार्ड जळालं. जमिनीवर जळालं, हे नशीब.

मीटिंगमध्ये डिझायनर म्हणाला, “मी तर ग्रुपवर टाकलं होतं.” तो खरंच बोलत होता. वायरिंगवाल्याने जुन्या ड्रॉइंगप्रमाणे बिनचूक काम केलं होतं. दोघंही बरोबर, आणि कार्ड जळालेलं. दोघांच्या मधली जागा सांभाळायचा पगार मला मिळतो. मी तिथे अंगठा टाकून मोकळा झालो होतो.

फॉर्मला नंबर असतो. कुणावर काय परिणाम होणार, हा रकाना असतो. कुणाच्या तरी नावावर तो उघडा राहतो आणि बंद होईपर्यंत छळतो. मेसेज तासाभरात वर सरकतो, आणि ‘सीन’ झालेल्या प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघेल.

निरुपयोगी फॉर्म आहेत, मान्य. एकच माहिती तीन ठिकाणी भरताना मीही वैतागतो. मग तो फॉर्म रद्द करा, पण उघडपणे, सही करून. मधल्या मध्ये पळवाट काढून “अरे, चालतंय” म्हणणाऱ्याला आपण ‘स्मार्ट’ म्हणतो, तेवढं बंद करा. त्या विमानात बसणारा माणूस आपल्या ग्रुपवर नसतो.

त्या पिनांच्या बदलाचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी भरला. वीस मिनिटं लागली.