निर्दोष एक्स-रेचा धोका

हाती नेता येणारे एक्स-रे यंत्र आणि त्याची प्रतिमा क्षणात वाचणारी संगणकीय प्रणाली, या दोहोंवर देशाच्या क्षयरोग मोहिमेची मोठी भिस्त आहे. 7 डिसेंबर 2024 रोजी पंचकुला येथून 347 जिल्ह्यांसाठी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेतील या यंत्रांचे मी स्वागतच करतो. 2019 ते 2021 मधील राष्ट्रीय पाहणीत आढळलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के केवळ लक्षणांच्या आधारे निसटले असते. त्यांचा माग एक्स-रेनेच लागला.

एचआयव्हीबाधितांबाबत मात्र हीच प्रतिमा फसवी ठरू शकते. फुफ्फुसाच्या वरच्या भागातील पोकळी ही क्षयाची ओळखीची खूण. ती एकटा जंतू पाडत नाही. जंतूशी झुंजणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या माऱ्यातही फुफ्फुस झिजते. सीडी-4 पेशींची संख्या 200 च्या खाली गेली की ही झुंजच मंदावते. मग पोकळी क्वचितच दिसते. डाग मधल्या किंवा खालच्या भागात उमटतात आणि न्यूमोनियासारखे भासतात. छातीतील लसिका ग्रंथी सुजतात, कधी बाजरीच्या दाण्यांसारखे ठिपके दोन्ही फुफ्फुसांत विखुरतात. काहींचा एक्स-रे तर सर्वस्वी स्वच्छ येतो, आणि थुंकीत जंतू असतात. ज्याची प्रकृती सर्वांत नाजूक, त्याचीच प्रतिमा सर्वांत कमी बोलकी, असा हा विपरीत हिशेब आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी संगणकीय वाचनाला मान्यता दिली. पण यंत्र केवळ संशयाचे गुण देते. किती गुणांपुढे थुंकी तपासायची, हे माणसे ठरवतात. प्रौढांतील एचआयव्हीचे प्रमाण 2023 च्या अंदाजानुसार देशभरात 0.2 टक्के, तर मिझोराममध्ये 2.73 टक्के आहे. दोन्हीकडे एकच रेषा आखणे ही प्रशासकीय सोय असेल. वैद्यकीय निर्णय तो नव्हे.

एआरटी केंद्रांत खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम या चार लक्षणांची विचारपूस होते. यांपैकी एक जरी असले, तर एक्स-रे काहीही म्हणो, थुंकीची जनुकीय चाचणी व्हायलाच हवी, आणि तिच्या जोडीला लघवीतील लॅम चाचणी. पट्टीवरची ही चाचणी अर्ध्या तासाच्या आत उत्तर देते. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत ती अधिक उपयोगी पडते. म्हणजे नेमकी तिथे, जिथे एक्स-रे उणा पडतो.

मोहिमेचा गाजावाजा किती लोकांची तपासणी झाली यावरच होतो. एक्स-रे निर्दोष ठरलेल्या एचआयव्हीबाधितांपैकी किती जणांची पुढील चाचणी झाली, हा रकाना आरोग्य मंत्रालयाने प्रत्येक जिल्ह्याच्या मासिक अहवालात सक्तीचा करावा, आणि सुरुवात ईशान्येकडील राज्यांपासून व्हावी.